मी न बघताच "आलेस गुट" म्हणाले

सकाळच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीने वेळेवर ब्रेक मारला आणि कोणालाच लागलं नाही. ते चूक आहे. मी पाहिलंच नव्हतं.

सासूबाईंना बर्लिनमधली ही नवी टॅक्सी दाखवायला निघाले होते. वळणावर गाडी करकचून थांबली आणि तिला चुकवताना एक सायकलवाली बाई पडली. लगेच स्पीकरवरून कंट्रोल रूममधल्या माणसाने विचारलं, "कोणी जखमी आहे का?"

जर्मनमध्ये कोणी काही विचारलं की बोलणं लवकर संपावं म्हणून मी "आलेस गुट", सगळं ठीक, म्हणून मोकळी होते. तेच म्हणाले. गाडी निघाली.

"अगं, तू विचारलंस कोणाला? ती अजून उठली नव्हती," आई म्हणाल्या.

"आई, ते लोक बघतील."

घरी येऊन मी ती पोस्टही लिहिली. दुपारी आईंनी मला परत तिथे नेलं. कोपऱ्यावरची बेकरीवाली म्हणाली, त्या बाईचा हात मोडला, अँब्युलन्स बोलवावी लागली. टॅक्सी निघाली तेव्हा ती पडलेली बाई "थांबा, थांबा" ओरडत होती.

नवरा म्हणाला, "गाडीला कॅमेरे असतात गं. पोलिसांकडे जायचंच तर सोमवारी जा."

आई म्हणाल्या, "अरे, कॅमेऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. हिला विचारलं होतं."

तुम्ही गाडीत असतात, तर उतरून बघितलं असतंत का? मला फार लाज वाटतेय. पोलिसांत जबाब द्यायला मी सोमवारी नाही, आज रविवारीच जातेय.