जाकिटाची काजं

काजेबाई,

तुझं ते जाकीट अजून माझ्या खुंटीवर आहे. खरं तर माझंच, पण "काजं मीच करणार" म्हणून तू अडवून ठेवलंस, तेव्हा तुझंच म्हणायचं.

शिंपीदादाच्या दुकानात उंबऱ्याशी बसून तू जन्मभर दुसऱ्यांच्या सदऱ्यांना काजं केलीस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, समोरचा माणूस नुसती सावली झाला, तरी तुझा टाका हलला नाही. गावात असे कितीतरी जण चाचपडत होते आणि ऑपरेशनचा खर्च कुणालाच झेपणारा नव्हता. मग तूच युक्ती काढलीस. फाटकं-उसवलेलं दुकानात आणा, शिलाई बिस्किटांच्या डब्यात टाका. डबा भरला की एकाचे डोळे. उसवलेलं शिवायचीस अर्थात तू.

कुणाला पाठवायचं यावरून भांडणं नकोत म्हणून शिंपीदादाने परीक्षा ठरवली. उजेडात बसून सुईत दोरा ओवायचा. ज्याला जमणार नाही, त्याचा नंबर आधी. शिंप्याच्या डोक्यात दुसरं काय येणार?

आणि तू दर वेळी पास. सुईचं नेढं जिभेच्या टोकाला लावायचीस, दोरा ओला करायचीस, की गेला आरपार. लोक हसायचे. "मावशीला घारीची नजर आहे."

"अगं, हरायचं होतं," मी बाहेर आल्यावर करवादले.

"सुई हातात आली की हात ऐकत नाहीत, कॉलेजवाले. तुझी जीभ ऐकते का तुझं?"

असं करत कुंभाराचा म्हातारा ऑपरेशनला गेला, त्याच्यामागून गवंड्याची आई. तिला दिसायला लागलं, तशी ती सुनेच्या भातातले खडे वेचून दाखवायला लागली. तू म्हणालीस, "बघ, माझ्या टाक्यांनी त्या घरात भांडण विकत आणलं."

शेवटी मी शिंपीदादाला झाडलं. सुई बाजूला ठेवायला लावली आणि तुझ्या तोंडापुढे बोटं धरली. किती, म्हणून विचारलं.

"आधी हात कुठे आहे ते सांग," तू म्हणालीस.

दुकानात कुणी हसलं नाही. पुढचा डबा तुझा ठरला.

तेव्हापासून तुझं एकच पालुपद. पट्टी सुटली की घरी जायचं नाही, आधी शहरातलं दोऱ्यांचं दुकान गाठायचं. शिंपीदादाला सगळं पिवळं सारखंच. तुला हवा होता पिकायला आलेल्या लिंबाचा रंग, धड हिरवा नाही, धड पिवळा नाही, माझ्या जाकिटाच्या कापडाशी जुळणारा. "तू गप्प उभी राहायचंस. रिळं मी बघणार. एकेक, दारात उजेडाला नेऊन. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे." बोलताना कापडावरून बोट फिरवत राहायचीस.

डबा भरला. तारीखही मिळाली. त्याआधीच छातीतल्या तापाने तुला नेलं. डबा गाडीवानाच्या बायकोकडे गेला. डबा भरला की एकाचे डोळे, नियम तुझाच. तिला आता छान दिसतं.

थंडीत मी जाकीट टाचण्या लावून घालते. शिंपीदादा म्हणतो, "आणा इकडे, पिवळा दोरा आहे." मी देत नाही. परवा शहरात त्या दुकानावरून गेले. रस्त्यावरूनच रिळांच्या रांगा दिसत होत्या. हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत मधे केवढे तरी रंग. पायरीशी थांबले. गप्प उभी राहा म्हणणारं कुणी नव्हतं. तशीच पुढे गेले.