चिंचेने घासलेली पाच नाणी

१४ सप्टेंबर २०२० रोजी मेलबर्नच्या एझिकेल अष्टमकरांनी ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या एका नाणेसंग्राहकाला चांदीच्या पाच नाण्यांचे ६१२ डॉलर ४० सेंट पाठवले. आदल्याच दिवशी त्यांना नातू झाला होता.

अष्टमकर मूळचे ठाण्याचे, बेने इस्रायली. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. इथे येऊन रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली आणि शौक एकच केला, इस्रायलची स्मारक नाणी जमवण्याचा. काहींवर मेनोरा, म्हणजे सात फांद्यांची समई, काहींवर डाळिंबं, एकावर मध्ययुगातले वैद्य-पंडित मायमोनिडीस. सगळी प्लास्टिकच्या डब्यांत बंद. नाण्याला बोट लावायचं नाही, हा घरचा कायदा.

ही पाच मात्र कामाची होती. ज्यूंमध्ये आईचा पहिला मुलगा देवाचा मानतात. एकतिसाव्या दिवशी बापाने कोहेनला, म्हणजे पुरोहितवंशातल्या माणसाला, चांदीची पाच नाणी देऊन मुलाला सोडवायचं. इस्रायलने त्यासाठी खास नाणी काढली होती. मुलाच्या, दानिएलच्या, वेळी अष्टमकरांना चांदी परवडली नव्हती. मुंबईच्या एका कोहेनने आपलीच नाणी आधी त्यांच्या हाती ठेवली आणि मग विधीत परत घेतली. नातवाला आपल्या चांदीने सोडवायचं, हे तेव्हाच मनात पक्कं झालं.

लॉकडाउनमुळे टपाल रखडलं. पार्सल आलं ते विधीच्या आदल्या दिवशी, तेही पोस्टात अडकलं. अष्टमकरांना दमा आणि घरात तान्हं बाळ, त्यामुळे दोघा बापलेकांना गर्दीत जायची बंदी. शेजारची चित्रा, पुण्याची, म्हणाली, "मी आणते, काका. नो वरीज."

संध्याकाळी तिने स्टीलचा डबा कुंपणावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकली.

"किती हातांतून आलेलं पार्सल, म्हणून सगळं धुऊन काढलं. नाणी काय काळी पडली होती हो. चिंच-मीठ लावून घासली. बघा आता."

अष्टमकरांनी झाकण उघडलं. नाणी नव्या वाटीसारखी लखलखत होती आणि अंगभर बारीक ओरखडे होते. डब्या नव्हत्याच.

"छान झाली गं," ते म्हणाले. आत येऊन खुर्चीत बसले.

दानिएलने एक नाणं दिव्याखाली धरलं. "बाबा, कलेक्टर व्हॅल्यू गेली. टोटल."

"ते राहू दे. उद्या चालतील का, ते विचार."

विधीसाठी बोलावलेल्या कोहेनचा फोन काही लागेना.

दुसऱ्या दिवशी बागेत नियमाप्रमाणे पाचच जण जमले. दानिएल, त्याची बायको, बाळ, अष्टमकर आणि मास्क लावून सायकलवरून आलेला म्हातारा कोहेन. अष्टमकरांनी डबा पुढे केला आणि घासण्याची हकीकत आधीच सांगून टाकली.

कोहेनने एकेक नाणं तळहातावर तोललं. "चांदी कमी झालीय का?"

"नाही."

"मग झालं. लोक मला डबीसकट देतात, वर म्हणतात उघडू नका. अशा वेळी मी चांदी घेतली की प्लास्टिक? ही निदान हाताला लागतात."

मग त्याने विचारलं, मुलगा हवा की नाणी. दानिएल म्हणाला, मुलगा. नाणी बाळाच्या डोक्यावर धरली गेली, आशीर्वाद झाला. अष्टमकरांना मास्कच्या आत नाक पुसता येईना.

कोहेनने नाणी खिशात टाकली, सायकलपर्यंत गेला आणि परत आला. "ही माझ्याकडून बाळाला भेट. आता अल्बममध्ये ठेवू नका. ज्याच्याकडे नसतील त्याला द्या."

घरी आल्यावर अष्टमकरांनी मलिदा केला. गूळखोबरं घातलेले पोहे, वर फळं. एलियाहू नबी या प्रेषिताचे आभार मानायची ही बेने इस्रायली पद्धत. पहिलं ताट कुंपणापलीकडे गेलं.

"एवढं कशाला, काका? नाणीच तर घासली."

"म्हणूनच," ते म्हणाले. ओरखड्यांचं तिला त्यांनी कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर त्या नाण्यांनी मेलबर्नच्याच टार्निटमधल्या एका घरातलं आणि सिडनीतलं एक अशी दोन बाळं सोडवली. दोन्ही वेळा नाणी त्याच स्टीलच्या डब्यातून गेली.

पार्सलवर तिकिटं कमी होती, म्हणून चित्राने पोस्टात भरलेले ९ डॉलर २० सेंट अष्टमकरांनी तिला अजून द्यायचे आहेत.