हनुवटीवरची खपली

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव बळीराम. धंदा न्हाव्याचा, मूळ राहणार भंडारा जिल्हा. माझ्या गावाचा नाला ओलांडला की त्याचे गाव. ज्याने अन्याय केला तो मी. धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा भिलाईत, सुपेल्याच्या चौकातल्या कडुनिंबाखाली. काळ असा की, भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती, तिची नुसती लोखंडी हाडे उभी राहत होती, तो हिवाळा. साक्षीदार एक आरसा. दुसरा कोणी नाही — आणि म्हणूनच ही गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडून कोणाच्याही कानी गेलेली नाही.

लोकांच्या तक्रारी मी याच क्रमाने लिहीत आलो. आधी नावे, मग काळ, मग साक्षीदार, मग हकीगत. हकीगत लिहिताना माझी लेखणी कधी अडखळली नाही. आज अडखळते आहे. तुम्ही थोडे थांबाल ना?

माझ्याविषयी सांगणे आवश्यक आहे. त्या दिवसांत भिलाईत देशभरातून माणूस येत होता — तेलुगू, उडिया, पंजाबी, आमच्या भंडारा-गोंदियाकडचा, आणि ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहत होते ते छत्तीसगढी तर होतेच. काम मिळावे, क्वार्टर मिळावे, गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळावा — ज्याला जे हवे ते माझ्या पत्र्याच्या पेटीसमोर येऊन बसे. ते मला मुनशीजी म्हणत. मी मॅट्रिक आहे, असा सर्वांचा समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही. पत्नी प्रकृतीच्या कारणास्तव माहेरी असते, असेही मी सांगत असे. मी सातवी नापास आहे, आणि पत्नीची प्रकृती ठणठणीत असून ती माझ्याकडे नांदायला येण्यास राजी नाही — या दोन गोष्टी संपूर्ण भिलाईत एकट्या बळीरामला ठाऊक होत्या. नाल्यापलीकडचा माणूस. त्याला काय लपणार?

तो माझ्या झाडापासून हाकेच्या अंतरावर बसे. दर रविवारी मी त्याच्यासमोर बसून मान वर करी. तो ब्रशने फेस लावी, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवी, मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझा गाल ताणून धरी. ती बोटे खरबरीत होती, त्यांना तुरटीचा वास येई. एक गोष्ट सांगू? सबंध आठवड्यात माझ्या देहाला दुसऱ्या माणसाचा स्पर्श होई तो तेवढाच. बाकी सारे दिवस मी होतो, पेटी होती, आणि संध्याकाळी मजुरांच्या कॅम्पातली माझी पत्र्याची खोली.

मग मला वस्तरा घेण्याची बुद्धी का झाली? गिरीधर बाबू म्हणून एक टाइमकीपर होते, तेही बळीरामकडेच बसत. ते एकदा म्हणाले की मोठे साहेब लोक न्हाव्यापुढे मान झुकवीत नाहीत, स्वतःची दाढी स्वतः करतात. ते माझ्या मनात बसले. पुढच्याच बाजारात, जुने सामान विकणाऱ्याकडून, मी एक घडीचा वस्तरा घेतला. शिंगाची मूठ, पात्यावर थोडासा गंज. तो धोतरात गुंडाळून ठेवला. कधी काढून नुसता उघडून बघे. हातात धरला की मी कोणीतरी असल्यासारखे वाटे.

त्या रविवारी बळीरामच्या अंगात हिवताप होता. 'आज राहू दे' असे मी म्हणालो नाही. दाढी वाढवून चौकात बसणे मला शोभले नसते. त्याचा हात किंचित हलला आणि हनुवटीखाली टोचले. मोहरीएवढा रक्ताचा थेंब. त्याने तुरटी दाबली, आणि आपली चूक हसण्यावारी न्यावी म्हणून, सर्वांसमक्ष बोलला —

"वहिनीले आणत कावून नाही, मुनशीजी? दर इतवारी गाल त गुळगुळीत करून देतो मी, पण पाहाले कोनी पायजे ना!"

सारे हसले. गिरीधर बाबूही हसले. मीदेखील हसलो, हे नमूद करतो.

खोलीवर आलो आणि दार लावले. यापुढे याच्यासमोर बसायचे नाही — आजच, आत्ताच शिकायचे. दाढी झालेलीच होती, परंतु हनुवटीखाली, जिथे टोचल्यामुळे त्याने हात आवरता घेतला होता, तिथे खुंट राहिले होते. मी कपड्याच्या साबणाचा फेस केला, थंड पाण्यात. वस्तरा पट्ट्यावर ओढल्याशिवाय चालवायचा नसतो, हे इतके रविवार समोर बघूनही माझ्या ध्यानात आलेले नव्हते. पाते निजते धरायचे असते, मी उभे धरले. कातडी ताणायची असते, मी ताणली नाही. केसांच्या उलट नेला तर तो अडकला. आणि अडकल्यावर सोडून देण्याऐवजी मी दाबून बाजूला ओढला — आडवा. वस्तरा आडवा कधीही न्यायचा नसतो.

दुखले नाही. आधी आरशात एक पांढरी रेघ दिसली, आणि मग ती लाल होऊन गळ्यावर उतरली. त्याने टोचलेल्या मोहरीएवढ्या जागेतून ती नेमकी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी फडके बांधून चौकात बसलो. गिरीधर बाबू थबकले. "अरे मुंशीजी, ये क्या हो गया?"

काय सांगायचे होते मला? स्वतः करायला गेलो, जमले नाही. एवढेच. यात कोणता गुन्हा होता? परंतु ज्या इसमाला सारे भिलाई मुनशीजी म्हणते, त्याला स्वतःची हनुवटी सांभाळता येत नाही — हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी एकच शब्द बोललो.

"बळीराम."

बस्. आरोप नाही, तपशील नाही. नाव योग्य जागी ठेवले की हकीगत वाचणारा स्वतःच पूर्ण करतो, हे माझ्या धंद्याने मला शिकविलेले होते.

त्याच सुमारास कॅम्पात एक मजूर पायाच्या जखमेने धनुर्वात होऊन वारला होता. लोक कापण्या-लागण्याला भीत होते. बळीरामचा हात थरथरतो, ही बातमी झाडाझाडाखाली फिरली, आणि त्याच्यासमोरचा पाट रिकामा पडू लागला. तो मी रोज बघत होतो. मध्ये फक्त रस्ता होता.

मला वाटले, तो येऊन भांडेल. मी उत्तरेही तयार ठेवली होती. एका संध्याकाळी तो आला तो उंबऱ्यावरच बसला. हातात वाटी होती, तिच्यात तेलात कालवलेली हळद.

"माह्याच हातानं झालं, मुनशीजी. तापात मले समजलंच नाही किती लागलं ते. दाखवा मले."

तो मला खोटे ठरवायला आलाच नव्हता. त्याने मान्य केले होते! त्याने फडके सोडले, जखम बघितली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आणि मी काय केले? मी त्याला क्षमा केली. होय, क्षमा. 'माणूस आहे बळीराम, चूक होते', असे वाक्य मी उच्चारले — जसे एखाद्या साहेबाने खुर्चीवरून उच्चारावे. त्याने माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.

इथेच ही हकीगत संपली असती, तर मी तिला भ्याडपणा म्हणून मोकळा झालो असतो. परंतु पुढचे ऐका.

तो रोज संध्याकाळी येऊ लागला. गरम पाण्याने जखम पुसायची, हळद लावायची, नवे फडके बांधायचे. तीच दोन खरबरीत बोटे. हनुवटी उचलून उजेडाकडे वळवी आणि बोलत राही — नाल्याच्या पुराचे, गावच्या मंडईच्या जत्रेचे, माझ्या वडिलांच्या तापट स्वभावाचे. त्यानंतर त्याने पत्नीचा विषय एकदाही काढला नाही. माझी खोली त्या वेळेपुरती घरासारखी होई. मी दुपारपासूनच चहाचे पाणी मोजून ठेवी.

जखम भरत आली. खपली धरली.

सकाळी आरशासमोर उभे राहून, मी नखाने ती खपली काढली.

एकदा नव्हे. ती धरे, मी काढी. संध्याकाळी तो बघे आणि त्याचा चेहरा उतरे. "भरून कावून नाही राहिलं हे? कसा लागला असंल माहा हात!" — असे तो माझ्याशी नाही, स्वतःशी बोले. आणि उद्या पुन्हा येतो म्हणे. मला तेवढेच ऐकायचे असे. समजले तुम्हाला? मी एका माणसाचा त्याच्या हातावरचा विश्वास नखाने थोडाथोडा सोलत होतो, कारण मला संध्याकाळी सोबत हवी होती.

शेवटी त्यानेच सांगितले की वस्तरा आता हाती धरवत नाही. कारखान्यात मातीकामावर लागायचे आहे, अर्ज लिहून द्या. मी लिहून दिला. सुवाच्य अक्षरात. 'अर्जदाराचे दोन्ही हात सुदृढ असून' — हे वाक्य माझे आहे. त्याला काम मिळाले. जाताना त्याने आपला वस्तरा आणि पट्टा माझ्या खाटेवर ठेवला. "तुमच्याजवळच राहू द्या. घरी असला त उगाच हात जाते." त्यानंतर खपली धरली ती मी काढली नाही. कोणासाठी काढायची?

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई गेली. तार उशिरा पोचली, अग्नी देणे माझ्या नशिबी नव्हते. दहाव्याचे क्षौर तरी शिवनाथ नदीच्या काठी करावे असे ठरविले, आणि आपल्या बाजूचा, आईला डोळ्यांनी पाहिलेला न्हावी म्हणून बळीरामकडे गेलो. तो पाटी खाली ठेवून उभा राहिला. अंगभर लाल माती. आईचे कळल्यावर रडला. मग त्याने दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. ते कापत नव्हते. मला स्वच्छ दिसत होते की ते कापत नव्हते.

"मायच्या दहाव्याले तुमच्या डोक्यातून रगत काढू का मी? नाही, मुनशीजी. दुसरा पाहा."

तिथे मला बोलता आले असते. कोणी ऐकणारे नव्हते. एक वाक्य. मी म्हणालो, "बरं."

नदीवर एका अनोळखी न्हाव्याने माझे डोके केले. काम चोख होते. बोटे थंड होती.

त्यानंतर मी दाढी करायला शिकलो, बळीरामच्याच वस्तऱ्याने. पट्ट्यावर ओढतो, पाणी गरम घेतो, पाते निजते धरतो, गाल माझ्याच दोन बोटांनी ताणतो. आता कधी लागत नाही. हनुवटीखालच्या त्या रेघेवर केस उगवत नाहीत, तिथून वस्तरा आवाज न करता जातो. भट्ट्या पेटून बरीच वर्षे झाली, वसाहतीच्या सेक्टरांना नंबर पडले. बळीराम अजून मातीकामावरच आहे. त्याने दाढी वाढविली आहे. स्वतःच्या चेहऱ्यावरही तो हात चालवीत नाही. बाजारात भेटतो तेव्हा माझ्या डोळ्यांआधी माझ्या हनुवटीकडे बघतो, आणि मान खाली घालतो.

आणखी एक बाब नमूद करणे राहिले. हे सारे मी लिहून काढले आहे, आणि बळीरामला वाचता येत नाही. हे मला पहिली ओळ लिहितानाच ठाऊक होते.

सबब, उपरोक्त जखमेच्या कामी बळीरामचे नाव रद्द समजून त्या जागी माझे नाव वाचण्यात यावे. याउपर अर्जदाराचे काही मागणे नाही.