भाताचा दाणा, नाचणीचा दाणा

७ मार्च १९६५, दुपारी साडेतीन. पौडच्या शाळेत मी दाणे मोजायला बसले होते. पक्षाबाहेरची म्हणून मला मोजणीला बोलावणारे गृहस्थ सायकली दुरुस्त करत आणि एका पक्षाची तालुका शाखा चालवत. पावसाच्या नोंदी घेत मी मुळशीभर सायकलने फिरत असल्यामुळे आमची गाठ वरचेवर पडे. चाकाला हात लावण्याआधी ते दर वेळी मलाच विचारत, "ताई, पंक्चर कुटं असंल?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

"हवा भराया!"

ही विचारण्याची सवय मला वेळखाऊ वाटे.

पुण्यातल्या नेत्यांनी आपसांत भांडून पक्ष जवळजवळ फोडला होता. त्यात राहायचे की तो सोडायचा, हे शाखेला आज ठरवायचे होते. गृहस्थांचा स्वतःचा राजीनामा लिहून खिशात तयार होता. तरीही त्यांनी प्रत्येकाला विचारले. हात वर करायला सांगितले असते, तर मजुरांनी आधी मालकांच्या तोंडाकडे पाहिले असते. म्हणून राहू म्हणणाऱ्याने भाताचा आणि सोडू म्हणणाऱ्याने नाचणीचा दाणा झाकलेल्या मडक्यात टाकला.

मी दोनदा मोजले. भात तेवीस, नाचणी सतरा.

"हरलास की रं!" मागून एक म्हातारा ओरडला.

"हरलो कुटं, आबा? गेल्या सभंला सात जण हुतं." त्यांनी राजीनामा फाडला आणि ते माझ्याकडे वळले. "ताई, बेरीज ठळक लिवा."

मी लिहिली : चाळीस.