उंबऱ्याचं भाडं

कासाबाई आणि ग्यानबा मेंढरांमागं गावोगाव हिंडायचे, त्यांना घर नव्हतं. तरी कासाबाईनं दाराची एक सागवानी चौकट घेतली आणि चारठाण्यात आमच्या गोठ्यात ठेवली. "जागा झाली की नेते," म्हणायची. भाडं म्हणून दर दिवाळीला एक घोंगडी द्यायची.

त्र्याऐंशीच्या दिवाळीला मी वैतागलो. "बाई, इतक्या घोंगड्यांत नवी चौकट आली असती. इकून टाक."

तिनं ग्यानबाला चौकट उभी धरायला लावली, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि पलीकडं जाऊन थांबली. मी पुढं सरकलो, तशी म्हणाली, "मालक, पायतान भाईर काढा, मंग आत या."

माझ्याच गोठ्यात मी चपला काढल्या.