बाच्या हातातलं कोकरू

मालकानं बाच्या हातातलं कोकरू काढून घेतलं, दुसरंच दिलं आणि पाहुण्यांना म्हणाला, "आता बघा गंमत."

बा ते कोकरू घेऊन मेंढीकडे गेला. मेंढीनं हुंगलं, आपलं नव्हे म्हणून लाथ मारली. पाहुणे हसले. बा पण हसला. आपल्यालाच हसतात, हे त्याला कळलं नाही.

आम्ही चारठाण्याकडचे धनगर. मालकाच्या रानात आमच्या मेंढ्या बसायच्या. त्याला लेंडीखत, आम्हाला ज्वारी. निजाम जाऊन कैक वर्षं झाली होती, मालक होता तिथंच होता. संध्याकाळी कळप परतला की एकेक कोकरू त्याच्या आईला लावायचं, हे काम बाचं. सगळी कोकरं कालवली तरी बा चुकायचा नाही.

मग बाला दम लागायला लागला. मालकाच्या वशिल्यानं हैद्राबादच्या मोठ्या दवाखान्यात काळजाचं ऑपरेशन झालं. दम थांबला. पण घरी आलेला बा वेगळाच होता. जेवून उठला की जेवण मागायचा. मला आईच्या नावानं हाक मारायचा. आई तर कधीच गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, वयस्कर माणसाचं असं होतं कधी कधी, सुधारेल. सुधारला नाही. कोकरं मात्र रोज उचलायचा. चुकला की मी गुपचूप बदलायची.

मालकाला हे कळलं. तेव्हापासून पाहुणा आला की त्याला घेऊन आमच्या कळपाभोवती लावलेल्या वाघुरीच्या जाळीशी येऊन उभा राहायचा.

"आनखी एकदा," त्या दिवशी पाहुण्यांचं हसणं थांबल्यावर मालक म्हणाला.

बानं निमूट हात पुढे केले. मला रडू आलं नाही. राग पण नाही. आत सगळं बधिर होतं. तशीच पुढे झाले, मालकाच्या हातातलं कोकरू घेतलं आणि वाघुरीचे खुंटे उपटायला लागले.

"अगं, काय करायलीस? आमच्यामुळं जिता हाय तुजा बाप!"

"जिता हाय म्हनूनच नेते," मी म्हणाले. "बा, चल."

"कोकरं पाजायचीत की गं," बा म्हणाला.

"तिकडं, दुसऱ्या रानात पाजू."

त्या वर्षी ज्वारी कमी पडली. पडू दे. बा होता तोवर कोकरं त्यानंच लावली. चुकला, मी बदलली. बघायला कुणी थांबलं की मी काठी उचलायची. परत या म्हणून मालकाचे निरोप येत राहिले. आमची एकही मेंढी त्या रानात पुन्हा बसली नाही. मी आहे तोवर बसणार नाही.