बेडूक गप्प झाल्यावर

बाळांनो, दृष्टी गेल्यानंतरही तुमचे आजोबा संध्याकाळी मागच्या ओसरीवर एकटेच बसत. चेन्नईच्या दक्षिण टोकाला आमचं घर, आणि घरामागे एरी. तळ्याला इकडे एरीच म्हणतात. पाऊस पडून गेला की तिथे बेडकांचा नुसता गलका. पायवाटेने कोणी आलं की बेडूक गप्प होत आणि आजोबा लगेच तमिळमध्ये हाक देत, "यारु? कोण ते?" शेजारी त्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणत. ते हसून म्हणत, "सारना चोरून भेटायची सोय नाही!"

मग लॉऱ्या आल्या आणि एरीत माती पडू लागली.

आमच्या माडीवर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहत होती. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी आवाज गोळा करून त्यांच्या कलाकृती करणं. उरलेल्या पाण्यापाशी तिने यंत्र लावून ठेवलं आणि आमच्या स्वयंपाकघरात आम्हा दोघांबरोबर कॉफी पीत बसली. नंतर तिने त्याची सीडी करून आणली. ती ऐकताना मध्येच बेडूक थांबले.

"आजी, एवढं कापून टाकू? नुसती शांतता आहे."

"नको. जसं आहे तसं राहू दे." अर्धवट वस्तू मला खपत नाही.

"पण आपण तिघंही आत होतो. वाटेवर कोण आलं असेल?"

एरी बुजली. आजोबा दारापर्यंत जात, काठी पुढे करून चाचपत आणि परत फिरत. "बाहेर काही उरलंच नाही ग," म्हणत. दिवसभर खोलीत बसून राहत, जेवणही टाळत. शेवटी मी कुंपणाच्या भिंतीवर स्पीकर ठेवले आणि दिवेलागणीला सीडी लावली. ते आपणहून बाहेर आले, खुर्ची चाचपून बसले.

बेडूक थांबले. "यारु?"

"कोणी नाही हो. सीडी आहे ती."

"सीडी आहे ते ठाऊक आहे मला. कोण आलंय ते विचारतोय."

रोज हेच. एका संध्याकाळी वैतागून मी परसात उतरले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. "मी आले आहे. झालं समाधान?"

त्यांनी मान किंचित कलती केली. "तू आलीस ते कळलं. तुझ्यामागे कोण आहे?"

मागे सपाट केलेली माती होती, एवढं मला माहीत होतं. मी वळले नाही. बेडूक पुन्हा ओरडू लागले तेव्हा ते म्हणाले, "गेलं," आणि कॉफी मागितली.

सीडी मी बंद केली नाही. त्यांना ओसरी हवी होती. फक्त बेडूक थांबायच्या आधी मी त्यांच्या शेजारी येऊन बसू लागले, घराच्या भिंतीला पाठ टेकून.